गुरुजींच्या रेडिओतली खरखर

खरखर हा रेडिओचा आजार नसतो, हे लोकांना पटवता पटवता माझे केस पिकले. माणूस पवनीच्या बाजारात माझ्या दुकानी यायचा, रेडिओ टेबलावर आदळायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, हा बिघडला." मी लावून पाहिला की रेडिओ ठणठणीत. तोच घरी नेला की कढईत मोहरी टाकल्यासारखा तडतडायला लागे. त्याला वाटे मी लबाड आहे, मला वाटे तो बहिरा आहे. दोघांचंही चुकत असे. दोष असे त्याच्या घरातल्या वायरिंगचा.

आता घरोघरी रेडिओ राहिले नाहीत, म्हणून थोडं समजावून सांगतो. नागपूरहून निघालेला आवाज आमच्या पवनीपर्यंत यायचा तेव्हा पार थकून आलेला असायचा. रेडिओनं तो अलगद झेलायचा असतो. पण विजेची ठिणगी जिथं जिथं उडते, म्हणजे मरायला टेकलेल्या ट्यूबलाइटच्या स्टार्टरमध्ये किंवा बटणाच्या सैल स्क्रूपाशी, तिथं ती ठिणगी आपलं स्वतःचं एक चिल्लर रेडिओ केंद्र उघडून बसते. त्यावर दिवसभर एकच कार्यक्रम, खरखर. आणि घरभर फिरलेली वायर तो कार्यक्रम उचलून थेट रेडिओपर्यंत पोचवते. वीज आणणं हे वायरीचं नेमून दिलेलं काम. आळीतल्या चुगल्या आणणं हे तिनं हौसेनं पत्करलेलं.

माझा धंदा म्हणजे ही ठिणगी हुडकून काढायची. ती सापडेना तर एरियल वायरीपासून दूर नेऊन बांबूवर बांधायचं, आणि रेडिओच्या प्लगपाशी कंडेन्सर लावून खरखरीला जमिनीत जायची वाट दाखवायची. त्या वाटेला अर्थिंग म्हणतात. अंगणात खड्डा, खड्ड्यात तांब्याचा पत्रा, वर मीठ आणि कोळसा, पत्र्यातून निघालेली तार घरात. उन्हाळ्यात मात्र खड्ड्यात ओल ठेवावी लागते.

पवनीतल्या एका शेटजींना मी मे महिन्यात सांगितलं, "रोज बादलीभर पाणी ओतत जा. खारं असलं तर फारच उत्तम." आठ दिवसांनी पाहायला गेलो तर रेडिओ अगदी स्वच्छ. माझं मलाच कौतुक वाटलं. खड्ड्यातून आलेली तार थोडी लांबवायची होती म्हणून अंगणात बसून सवयीप्रमाणे दातानं सोलली, जोड दिला, आणि शेटजींना म्हटलं, "एवढ्या टंचाईत पाणी कुठून आणलं?"

"पानी कायले वाया घालवू?" शेटजी म्हणाले. "घरात सात पुरुष मानसं हायेत. साऱ्यायले सांगून ठेवलं, जाचं तर तिथंच जा."

त्या दिवसापासून मी तार सोलायला चाकू वापरतो.

पण माझी खरी फजिती झाली ती अड्याळला, आणि ती करमणुकीची नव्हती. आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. गजभिये गुरुजी म्हणून तिथं प्राथमिक शाळेचे निवृत्त मास्तर होते. ताठ कण्याचे, पांढऱ्या धोतराचे, बोलताना ऱ्हस्व-दीर्घसुद्धा ऐकू यावेत असे. त्यांच्या घराचं सगळं वायरिंग तीन वर्षांपूर्वी मीच केलेलं. गुरुजींची मुलगी कुंदा भंडाऱ्याच्या कॉलेजात शिकत होती. तिनं आपल्या आजीवर काहीतरी लिहिलं, ते नागपूरच्या रेडिओवाल्यांना आवडलं, तिला बोलावून त्यांनी तिच्याच आवाजात ते रेकॉर्ड केलं. येत्या रविवारी सकाळी दहाला ते लागणार होतं. अड्याळच्या कुणाचा आवाज तोवर रेडिओवर आला नव्हता. गुरुजींनी अर्ध्या गावाला आमंत्रण दिलं आणि आमंत्रण दिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपला रेडिओ तर नुसता खरखरतो.

सोमवारी मी पोचलो. गुरुजींनी रेडिओ लावला. बातम्या सांगणाऱ्या बाईच्या तोंडात कुणी मूठभर लाह्या कोंबल्या असाव्यात, तसा आवाज.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"पंधरा दिवस झाले. गिरणी सुरू झाली की फारच वाढते," गुरुजी म्हणाले.

गिरणी म्हणजे शेजारच्या दशरथ लांजेवारची पिठाची गिरणी. तिची भिंत आणि गुरुजींच्या घराची भिंत एकच. दोन्ही घरांत बोलणं नाही हे मला ठाऊक होतं. का नाही, ते ठाऊक नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. तेवढ्यात पलीकडे पट्टा फिरायला लागला, भिंत थरथरली आणि रेडिओत जणू भुईनळा फुटला.

आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की दुसऱ्याच्या घरावर बोट दाखवायच्या आधी गिऱ्हाइकाच्या घराचा मेन स्विच पाडायचा. सेलवर चालणारा छोटा ट्रान्झिस्टर हातात धरून ऐकायचं. खरखर थांबली तर चोर घरातच. नवशिक्याला मी हेच शिकवलं असतं. पण त्या घराचं वायरिंग माझ्या हातचं होतं, आणि माझ्या हातच्या कामात चोर कसा असेल? मी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणालो, "गिरणीची मोटर आहे गुरुजी. दुसरं काही नाही."

"लिहून द्याल?"

दिलं. दुकानाचं नाव छापलेल्या कागदावर, शिक्का मारून: गिरणीच्या मोटरीमुळे रेडिओमध्ये व्यत्यय येत आहे. गुरुजींनी तो कागद जोडून तहसीलदारांच्या नावे अर्ज तयार केला, गिरणी वस्तीतून हलवण्यात यावी. माझ्या डोक्यात एवढंही आलं नाही की पिठाच्या गिरणीच्या मोटरीत ठिणगी पाडणारे ब्रशच नसतात. आलं असतं, पण मी येऊ दिलं नाही.

मंगळवारी दशरथ लांजेवार माझ्या दुकानात. अंगावर, भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर पीठ. गावात बातमी अर्जाच्या आधी पोचते.

"का गा मिस्त्री, माही गिरनी बंद पाडून रायला तू?"

"मी कुठं? मोटर पाडून राहिली."

"मोटरीत काय हाये? दाखव मले."

"ते यंत्राचं काम आहे. तुम्हाला नाही कळणार."

हे बोललो आणि दुकानात बसलेल्या चार लोकांकडे पाहून हसलोसुद्धा. दशरथनं हसणारी तोंडं एकेक करून पाहिली.

"बरं," तो म्हणाला. "मी उद्या दिवसभर गिरनी बंद ठेवतो. मेन पाडतो, फ्यूज काढून तुया हातात देतो. खरखर गेली त गिरनी मीच हलवतो, अर्ज बी नको. नाही गेली त तू काय करशीन?"

चार लोक माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "नाही गेली तर मिशी काढीन."

माझी मिशी साधी नव्हती. पिळदार होती, आणि पवनीत दोन-तीन माणसं वेळ विचारायच्या निमित्तानं ती पाहून जात असा माझा समज होता.

बुधवारी अड्याळात गुरुजींच्या ओसरीपुढे बाजार भरल्यासारखी गर्दी. दशरथनं सगळ्यांदेखत फ्यूज काढून माझ्या हातात दिला. गिरणी गप्प. मी गुरुजींचा रेडिओ लावला. खरखर थोडी कमी झाली होती. पण होती. लोकांनी मान वाकडी करून ऐकली. मी बटण इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, रेडिओवर थापटी मारली. खरखर तशीच.

"सरपंचायच्या कानाले बी आयकू येऊन रायली," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. सरपंच ठार बहिरे होते.

न्हाव्याला आधीच बोलावून ठेवलं होतं. त्यानं पाच मिनिटांत काम उरकलं आणि वर म्हणाला, "मिस्त्री, ओठ चांगला हाये तुमचा, उगाच झाकून ठेवला होता." दशरथ हसला नाही. त्यानं माझ्या हातातून फ्यूज घेतला आणि गिरणी सुरू करायला गेला. त्याच्या न हसण्यानं मला जास्त लागलं. गुरुजी तर घरातच निघून गेले होते. जाताना एवढंच म्हणाले, "अर्ज मी देणारच. खरखर गिरणीनं वाढते, हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे."

घरी बायकोनं दार उघडलं, दोन घटका पाहत राहिली आणि म्हणाली, "कोन पाहिजे?"

गुरुवार-शुक्रवार मी तोंडावर रुमाल धरून अड्याळभर फिरलो. हातात ट्रान्झिस्टर, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावलेला, म्हणजे गाणं नाही, फक्त खरखर ऐकू यावी. आडवा फिरवला की आवाज वाढे, सरळ धरला की कमी होई. त्यावरून चोराची दिशा कळते. लोकांना मात्र एक बिनमिशीचा माणूस न वाजणारा रेडिओ कानाला लावून स्वतःभोवती गिरक्या घेताना दिसत होता. एका म्हातारीनं माझ्या पायांवर पाणी घातलं आणि हरवलेल्या बकरीची दिशा विचारली. मी तलावाकडे हात केला. बकरी तिथंच सापडली म्हणतात. त्या आठवड्यात माझं तेवढंच निदान बिनचूक निघालं.

बाकी, जिथं उभा राहीन तिथून दिशा एकच. खांबापाशी गेलो, दिशा मागे. देवळापाशी गेलो, दिशा मागे. मागे होतं गुरुजींचं घर.

शनिवारी दुपारी मी गुरुजींच्या घरात शिरलो आणि पहिल्या दिवशी जे करायला हवं होतं ते केलं. मेन स्विच पाडला. हातातला ट्रान्झिस्टर एकदम शांत. वर केला, खरखर. पाडला, शांत. गुरुजी पाहत होते. मी मेन पुन्हा वर केला, शिडी मागितली आणि माळ्यावर चढलो.

माळ्यावर छपराच्या कवेलूंपर्यंत धानाचं तणस रचलेलं. मी वायरिंग केलं तेव्हा माळा रिकामा होता. तणस बाजूला सारत सारत मी भिंतीपाशी गेलो, गिरणीच्या भिंतीपाशी. तिथं आढ्याच्या लाकडावर दोन वायरींचा जोड होता. तीन वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी मला शेवटची बस पकडायची होती. पाच पिळांच्या जागी मी दोन पीळ दिले होते आणि वर पट्टी गुंडाळली होती, म्हणजे दिसायला छान. आता ती पट्टी वितळून काळी पडली होती. जोडाच्या फटीत निळसर काहीतरी लुकलुकत होतं. गिरणीच्या हादऱ्यानं आढं हललं की ते जास्त लुकलुके. आणि खाली, चार बोटांवर, तणसाची टोकं करपून तपकिरी झाली होती.

खालच्या खोलीत गुरुजींच्या बायकोचा, शांताबाईंचा, भांडी लावल्याचा आवाज येत होता.

"काय सापडलं?" शिडीखालून गुरुजींनी विचारलं.

मी खाली उतरलो. मेन स्विच पाडला. खरं सांगतो, उतरता उतरता मी उत्तर तयार केलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. "गिरणीच्या हादऱ्यानं," मी म्हणालो, "वरचा जोड सैल झाला."

गुरुजींचा चेहरा उजळला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "म्हणजे शेवटी गिरणीच! मी म्हणत नव्हतो? सोमवारी अर्ज जातो. तुम्ही एवढंच फक्त नव्यानं लिहून द्या."

त्यांनी कागद काढला, दौत काढली. मी टाक हातात घेतला. मिशी गेली तेव्हा जेवढी लाज वाटली नव्हती तेवढी त्या क्षणी वाटली. एका माणसाची रोजीरोटी माझ्या दोन ओळींवर, आणि त्या दोन ओळी माझ्या दोन पिळांवर.

"गुरुजी," मी म्हणालो, "जोड मीच कच्चा दिला होता. पक्का असता तर दहा गिरण्या हादरल्या असत्या तरी सुटला नसता. वर तणस करपलंय. आणखी आठ दिवसांत घर पेटलं असतं."

गुरुजी शिडी चढून वर गेले, त्या वयात. बराच वेळ वर होते. खाली आले तेव्हा मुठीत करपलेल्या काड्या होत्या. त्या त्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवल्या.

"कुंदा घरी आली की इथं खाली झोपते," ते म्हणाले.

त्यांनी मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"लिहा," ते म्हणाले. "आत्ता मला सांगितलंत तेच. अक्षर न अक्षर."

लिहिलं. त्यांनी वाचलं, लाल पेन्सिल काढली, दोन ठिकाणी खुणा केल्या आणि कागद परत दिला. "चूक कबूल करताना तरी शुद्ध लिहावं. पुन्हा लिहा."

संध्याकाळपर्यंत मी माळा रिकामा करून सगळे जोड सोलले, पिळले, कथलाचा डाक लावून पक्के केले. एरियल वायरीपासून दूर मागच्या अंगणात नेलं. प्लगपाशी कंडेन्सर बसवला, अर्थिंगला पाणी घातलं, विहिरीचं. मग गुरुजी कागद घेऊन गिरणीवर गेले. मी मागे. पायरीशी ते क्षणभर थांबले, जणू नदीच्या पाण्यात पाय घालायचा आहे. मग चढले.

दशरथनं कागद वाचला. माझ्याकडे पाहिलंही नाही. "आन् अर्ज?" त्यानं विचारलं.

गुरुजींनी खिशातून अर्ज काढून फाडला. "उद्या दहा वाजता कुंदा रेडिओवर बोलणार आहे. ऐकायला या."

दशरथ गोंधळला. असं आमंत्रण त्याला अपेक्षित नव्हतं. "गिरनी बंद ठिऊ?"

"चालू राहू द्या," मी मध्येच म्हणालो. "आता काही होत नाही."

"तुयावर इस्वास नाही बा," तो म्हणाला. "बंदच ठेवतो."

रविवारी अंगणात सतरंज्या. साडेनऊलाच लोक जमले. दशरथ दळण घेऊन आलेल्या बायामाणसांनाही बरोबर घेऊन आला आणि पुढे, रेडिओसमोर बसला. आदल्या दिवशी भंडाऱ्याहून आलेली कुंदा दाराआडून पाहत होती. दशरथ दिसला तशी ती माझ्यापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, ते पण येणार होते?"

"गुरुजींनीच बोलावलं."

"काका," ती म्हणाली, "थोडी खरखर राहू देता येत नाही का?"

मला हसू आलं. पोरगी घाबरली असेल आपलाच आवाज ऐकायला. मी ऐटीत म्हणालो, "एक कण राहणार नाही बघ."

राहिला नाही. दहा वाजता कुंदाचा आवाज अंगणात आला तो समोर बसून बोलावी तसा. तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. शांताबाईंनी पदर तोंडाशी धरला. कुंदा आजीबद्दल सांगत होती. धानाच्या रोवणीत आजीचा हात कसा चाले, गुडघाभर चिखलात उभी राहून ती गाणी कशी म्हणे. लोक माना डोलवत होते. मग ती म्हणाली:

"दिवसभर रोवणी करून आजी गिरणीवर जायची. सगळ्यांच्या आधी पोचायची आणि सगळ्यांच्या शेवटी दळून मिळायचं. गिरणीवाले तिच्या टोपलीला हात लावत नसत. काठीनं सरकवत. एकदा टोपली लवंडली. आजीनं मातीतले दाणे एकेक करून वेचले, आणि कुणीही तिला मदत केली नाही."

अड्याळला तेव्हा गिरणी एकच होती. हे अंगणात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, फक्त मलाच त्या क्षणी कळलं. आयुष्यभर खरखर घालवण्यात घालवलेल्या माणसाला वाटलं की आता एखादा स्टार्टर तडकावा, एखादा जोड सुटावा. पण माझं काम त्या दिवशी नेमकं चोख झालं होतं. एकही शब्द बुडाला नाही.

कार्यक्रम संपला. गुरुजींनी रेडिओ बंद केला. कुणी उठेना. कुंदा दाराच्या चौकटीला धरून उभी होती, पण आत गेली नाही. दशरथ रेडिओकडेच पाहत बसला होता. मग तो तिच्याकडे वळला.

"तो माहा बाप होता," तो म्हणाला. "काठी मी बी पायली हाये. मी कट्ट्यावर बसलो रायत होतो."

कुंदा म्हणाली, "माहीत आहे, काका."

शांताबाई चहाच्या कपांचं ताट घेऊन बाहेर आल्या. पहिला कप त्यांनी दशरथपुढे ठेवला. लांजेवारांच्या घरातलं कुणी या घरात पाणीसुद्धा प्यालं नव्हतं. अंगणातले सगळे त्या कपाकडे पाहू लागले आणि कुणीच पाहत नाही असंही दाखवू लागले.

दशरथनं कप उचलला. एक घोट घेतला. थांबला.

"वयनी," तो म्हणाला, "साखर कमी हाये."

शांताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग ताट तिथंच ठेवून आत गेल्या आणि साखरेचा डबा घेऊन आल्या. दोन चमचे घातले, थोडं थांबून तिसराही घातला. दशरथनं बोटानंच ढवळलं आणि सगळा चहा पिऊन कप रिकामा करून ठेवला.